पऱ्हाटीचा कोळसा आणि रंगाचं पाणी

दहा किलो सुती कापड गडद रंगवायचं असेल, तर तीन टक्के शेडच्या हिशेबाने ३०० ग्रॅम रिॲक्टिव्ह रंग लागतो. बरेच रंगारी याला अजूनही प्रोसियनच म्हणतात. कापडाच्या वीसपट पाणी धरलं, तर घोळ होतो २०० लिटरचा. रंग धाग्याकडे ढकलला जावा म्हणून त्यात लिटरमागे साधारण ६० ग्रॅम मीठ पडतं, म्हणजे १२ किलो. रंग पक्का व्हायला वर धुण्याचा सोडा. एवढं करूनही सगळा रंग कापड धरत नाही. या जातीच्या रंगांत दहा ते चाळीस टक्के रंग पाण्यातच राहून जातो. मधला आकडा म्हणून पंचवीस टक्के घ्या. कापड बाहेर काढल्यावर पिंपात उरतं ते असं: ७५ ग्रॅम रंग आणि १२ किलो मीठ.

हे दोन आकडे रंगकामाच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवावेत. वनस्पतींपासून केलेल्या सक्रिय कोळशाने रंगाचं पाणी साफ करता येतं, हे खरं आहे, आणि त्याची रीत पुढे दिली आहे. पण कोळसा बंदोबस्त करतो तो ७५ ग्रॅमचा. १२ किलोला तो हातही लावत नाही. वऱ्हाडात, जिथे पूर्णेच्या दोन्ही बाजूंनी खारपाणपट्टा पसरलेला आहे, तिथे ही गोष्ट पुण्या-मुंबईपेक्षा जास्त जपावी लागते.

हा लेख मोठ्या कारखान्यांसाठी नाही. अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडउद्योग उभे आहेत. तिथेच सुमारे हजार एकरांवरच्या पीएम मित्र पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून झाली. अशा ठिकाणी सांडपाण्यासाठी अभियंते असतात, यंत्रणा असते, तपासणी असते. इथे डोळ्यांपुढे आहेत ते बाटिक-बांधणी करणारे बचतगट, सूत रंगवणारे छोटे हातमागवाले, दोन-चार पिंपांवर काम करणारा रंगारी आणि रसायनशास्त्राच्या प्रकल्पासाठी विषय शोधणारे अमरावती-अकोल्याचे विद्यार्थी.

एक गोष्ट आधीच सांगतो. कापड किंवा सूत रंगवण्याचा, ब्लीच करण्याचा, छापण्याचा धंदा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत लाल गटात मोडतो. काम लहान आहे म्हणून संमतीपत्रातून सूट मिळत नाही. मंडळाची कार्यालयं अमरावतीतही आहेत, अकोल्यातही. पिंपं विकत घेण्याआधी तिथे एक चक्कर मारावी. नंतर मारलेल्या चकरा महाग पडतात.

कोळसा काय करतो

कोळशाने रंग उतरतो हे जुनं ज्ञान आहे. सेंट पीटर्सबर्गच्या टोबियास लोविट्झने १७८५ मध्ये पाहिलं, की गढूळ तपकिरी द्रावणात कोळशाची पूड टाकली की ते स्वच्छ होतं. पुढे साखर कारखान्यांनी हाडांच्या कोळशाने साखर पांढरी केली. रंगाचा रेणू कोळशाच्या आत विरघळत नाही. तो पृष्ठभागावर जाऊन चिकटतो, यालाच अधिशोषण म्हणतात. म्हणून सगळा खेळ पृष्ठभागाचा आहे. चुलीतल्या साध्या कोळशाला आतून छिद्रं असतात, पण बरीचशी डांबराने बुजलेली. ती मोकळी करून नवी पाडणं म्हणजे कोळसा सक्रिय करणं. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग ५०० ते १५०० चौरस मीटर भरतो. आपल्या मापात सांगायचं तर चिमूटभर पुडीत दहा गुंठे रान.

मात्र हे रान सगळ्यांना सारखं खुलं नसतं. छिद्रं दोन नॅनोमीटरपेक्षा बारीक असतील, तर लहान रेणू आत शिरतात आणि मोठे दारातच अडकतात. मेथिलीन ब्लू लहान आहे, शिवाय त्यावर धन भार असतो आणि वनस्पतिजन्य कोळशाचा पृष्ठभाग बहुधा ऋण असतो. त्यामुळे तो झटकन चिकटतो. रिॲक्टिव्ह रंगांचं उलटं. रेणू मोठे, भार ऋण. त्यातला टर्किश म्हणून विकला जाणारा निळसर हिरवा रंग तर तांब्याभोवती बांधलेला अवजड रेणू असतो, तो सगळ्यात हट्टी.

महाविद्यालयीन प्रकल्पांतली सगळ्यात मोठी फसगत इथे होते. मेथिलीन ब्लू स्वस्त आहे, प्रयोगशाळेत असतोच आणि निकाल दिमाखदार येतो. ‘नव्वद टक्क्यांहून अधिक रंग निघाला’ असं लिहिता येतं. तोच कोळसा रंगाऱ्याच्या पिंपात टाकला की नापास होतो. सुती कापड मेथिलीन ब्लूने रंगवतंय कोण? आपल्या भागात कोणता रंग वापरला जातो ते आधी बघावं आणि कोळशाची परीक्षा त्याच रंगावर घ्यावी.

सगळेच रंग कोळशाचे गिऱ्हाईक नसतात, हेही ध्यानात असू द्या. व्हॅट रंग (नीळ त्यातलीच) आणि पॉलिएस्टरचे डिस्पर्स रंग पाण्यात विरघळलेले नसून कणांच्या रूपात तरंगत असतात. त्यांना तुरटीने किंवा लोहाच्या क्षाराने गोळा करून खाली बसवणं सोपं आणि स्वस्त पडतं. त्यांच्यावर कोळसा घालणं म्हणजे कोळशाची छिद्रं चिखलाने लिंपणं. कोळशाची खरी गरज विरघळलेल्या रंगांना: रिॲक्टिव्ह, डायरेक्ट, ॲसिड आणि बेसिक.

कशाचा करावा

वऱ्हाडात या प्रश्नाचं पहिलं उत्तर पऱ्हाटी. एकरी सुमारे टनभर वाळलेली पऱ्हाटी निघते. थोडी चुलीला जाते, उरलेली बांधावर रचली जाते किंवा पेटवली जाते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस खाल्ला, तेव्हापासून कृषी विद्यापीठ आणि कृषी खातं एकच सांगत आलं आहे: फरदड घेऊ नका, हंगाम संपला की पऱ्हाटी उपटून शेताबाहेर काढा. अळी त्या नख्यांत, किडक्या बोंडांत दबा धरून बसते. म्हणजे पऱ्हाटी वेळेत हलवावी तर लागणारच आहे. तिचा कोळसा झाला तर अळीही भट्टीत जाते. पऱ्हाटी लाकडासारखी आहे, राख कमी सोडते आणि तिचा कोळसा बऱ्यापैकी येतो. फक्त तो ठिसूळ असतो. पूड म्हणून वापरायला उत्तम, पण नळकांड्यात भरून वर्षभर पाणी सोडायला कच्चा.

नळकांड्यात भरायचा टणक दाणा हवा असेल, तर नारळाच्या करवंटीला तोड नाही. आपल्याकडे नारळ पिकत नाही, पण फुटतो भरपूर. अमरावतीच्या अंबादेवीसारख्या देवस्थानांच्या परिसरात आणि उपाहारगृहांत करवंट्या गोळा करता येतात. वेडी बाभूळही चालते, आणि ती तोडल्याचं दुःख कुणाला होत नाही. आंब्याच्या कोयीचं कवच उन्हाळ्यात मिळतं.

तुराट्यांच्या मागे मी लागणार नाही. खेड्यात त्यांना काम आहे: कूड, कुंपण, जळण. अकोल्याच्या डाळमिलांतली चुरी आणि सरकीची ढेप तर जनावरांच्या तोंडची. कचरा समजून ज्यावर प्रकल्प लिहिला जातो, तो कुणाचा तरी चारा असतो.

संत्र्याच्या सालींबद्दल हटकून विचारलं जातं, कारण वरूड-मोर्शी जवळ आहे. सालींत चार भाग पाणी आणि एक भाग ऐवज. वाळवायला जागा आणि ऊन, पावसाळ्यात बुरशी, शेवटी हाती कोळसा थोडका. नुसती वाळलेली साल पाण्यात टाकली तर ती रंग धरते हे खरं, पण स्वतःचा पिवळसर अर्क पाण्यात सोडते. मग रंग गेला आणि पाण्याची सीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) वाढली, असा व्यवहार होतो. रस काढणाऱ्या केंद्राशेजारीच भट्टी असेल तर विचार करावा, नाहीतर सोडून द्यावं.

कसा करावा

साधा कोळसा खेड्यात करता येतो. पऱ्हाटी वीतभर लांबीची तोडावी आणि कडक उन्हात खडखडीत वाळवावी. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात गच्च भरावी. झाकणाला वायू सुटण्यापुरतं पेन्सिलीएवढं एक भोक ठेवावं. हा डबा मोठ्या लोखंडी पिंपात ठेवून भोवती जळण लावावं. भोकातून आधी पांढरी वाफ निघते, मग पिवळट धूर, मग तोच वायू पेट घेतो. ज्योत विझली की आतलं काम झालं. डबा लगेच उघडू नये. गरम कोळशाला हवा लागली की तो पेटतो आणि राखच हाती येते. भोक ओल्या मातीने बंद करून रात्रभर राहू द्यावा. पोत्यात भरण्याआधी आणखी एक दिवस उघड्यावर, माणसांपासून दूर पसरून ठेवावा, कारण ताजा कोळसा साठवणीत आपोआप तापतो. दहा किलो पऱ्हाटीतून अडीच-तीन किलो कोळसा येतो. भट्टी बंद खोलीत कधीही लावू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हा कोळसा अजून सक्रिय नाही. तो थोडा रंग घेईल, पण त्याच्यावर विसंबून व्यवस्था उभी करता येणार नाही. सक्रिय करायच्या वाटा मुख्यतः दोन. पहिलीत ८०० ते ९५० अंशांवर तापलेल्या कोळशातून वाफ सोडतात. हे कारखान्याचं काम आहे, पिंपात होत नाही. दुसरी फॉस्फोरिक आम्लाची. पऱ्हाटीचा भुसा साधारण पन्नास टक्के आम्लात रात्रभर भिजवायचा. आम्ल आणि भुसा वजनाला सारखे, किंवा आम्ल दुपटीपर्यंत. मग ११० अंशांवर वाळवून झाकणाच्या मुशीत, मफल भट्टीत ४५० ते ५०० अंशांवर तासभर ठेवायचा. गार झाल्यावर गरम पाण्याने धूत राहायचं, धुवणाचं पीएच सातच्या आसपास येईपर्यंत. या रीतीने छिद्रं थोडी रुंद पडतात आणि रिॲक्टिव्ह रंगांच्या मोठ्या रेणूंना तेच हवं असतं. उताराही साध्या कोळशापेक्षा जास्त. पुस्तकांत झिंक क्लोराईडची रीतही सापडेल, ती घेऊ नका. धुवणात जस्त येतं आणि एक प्रदूषण काढायला दुसरं जन्माला येतं. फॉस्फोरिकचं धुवणही नाल्यात सोडायचं नाही. चुन्याच्या निवळीने ते शमवायचं, फॉस्फेट खाली बसतं.

माझं मत स्पष्ट आहे. आम्लाचं काम प्रयोगशाळेबाहेर येऊ नये. बचतगटाच्या अंगणात, जिथे पोरं खेळतात तिथे फॉस्फोरिकचे कॅन नकोत. रंगाऱ्याने तयार दाणेदार कोळसा विकत घ्यावा. आयोडीन अंक विचारावा. एक ग्रॅम कोळसा किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो त्याचा हा आकडा, बाजारात सहाशेपासून अकराशेपर्यंत सापडतो. भारतीय मानक आयएस ८७७ मध्ये या चाचण्यांच्या रीती आहेत. पण आयोडीनचा रेणू बारीक असतो, म्हणून केवळ या अंकावर न भुलता पाव किलोचा नमुना आणून आपल्याच पाण्यावर तपासावा. पऱ्हाटीचा कोळसा गावोगाव होईल तेव्हा होईल. आज तो महाविद्यालयाने करून बघायचा आणि एखाद्या औद्योगिक वसाहतीत सामाईक भट्टी निघाली तर तिथे न्यायचा विषय आहे.

तपासणी: पाच बाटल्या आणि एक कागद

यंत्र नसलं तरी चाचणी होते. एक लिटरच्या सारख्या, पारदर्शक पाच बाटल्या घ्या. प्रत्येकीत आपल्या रंगाचं अर्धा लिटर पाणी. पहिलीत काहीच घालू नका, पुढच्या चारांत अर्धा, एक, दोन आणि पाच ग्रॅम कोळशाची पूड. दर काही मिनिटांनी हलवत दोन तास ठेवा. पहिल्या पंधरा मिनिटांत रंग झपाट्याने उतरतो, नंतर हळूहळू, म्हणून घाईने निकाल लावू नये. गाळून, पांढऱ्या कागदापुढे धरून तुलना करा. तुलनेसाठी मूळ पाणी दोनपट, पाचपट, दहापट, पन्नासपट पातळ करून नळ्या भरून ठेवा. गाळलेलं पाणी ज्या नळीशी जुळेल तेवढे पट रंग कमी झाला.

चाचणीच्या आधी पाण्याचं पीएच बघा. रिॲक्टिव्हचं पाणी सोड्यामुळे दहा-अकराच्या घरात असतं. तिथे कोळसा आणि रंग दोन्ही ऋण होऊन एकमेकांना लांब ठेवतात. आम्ल थेंब थेंब घालून पीएच सहा-सातपर्यंत आणलं, की तोच कोळसा जास्त रंग धरतो. मात्र सोडा भरपूर असेल तर आम्ल घालताना फेस येतो, म्हणून भांडं मोठं घ्यावं. बेसिक रंगांचं याच्या उलट: त्यांना किंचित अल्कधर्मी पाणी मानवतं. मिठाचंही असंच दुहेरी आहे. पाण्यातलं मीठ बेसिक रंगांच्या वाटेत येतं, पण रिॲक्टिव्ह रंगांना अनेकदा कोळशाकडे जायला मदतच करतं.

विद्यार्थ्यांकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो. त्यांनी धारणक्षमता काढावी: सुरुवातीची तीव्रता वजा शेवटची, गुणिले पाण्याचं आकारमान लिटरमध्ये, भागिले कोळशाचे ग्रॅम. लिटरमागे १०० मिलिग्रॅम रंग असलेलं १०० मिलिलिटर पाणी, ०.२ ग्रॅम कोळसा, शेवटी उरले १० मिलिग्रॅम, तर ग्रॅममागे ४५ मिलिग्रॅम. प्रबंधात हा आकडा शोभतो. त्याच्या जिवावर पिंप बांधायचं, तर चार गोष्टी पाळाव्यात.

रंग ऊर्ध्वपातित पाण्यात न विरघळवता रंगाऱ्याकडचं खरं पाणी आणावं. ते शक्य नसेल तर रंग सोड्यासोबत पीएच अकरावर तासभर उकळून घ्यावा, कारण सांडपाण्यात येतो तो पाण्याशी अभिक्रिया होऊन निकामी झालेला रंग. गाळणकागद स्वतः रंग धरतो, म्हणून कोळशाविना एक नमुना त्याच कागदातून गाळावा. पीएच बदललं की काही रंगांची छटाच बदलते, तेव्हा मोजण्याआधी सगळे नमुने एका पीएचवर आणावेत. आणि मिश्र रंगांच्या पाण्यात एकाच तरंगलांबीवर मोजून चालत नाही. ४३६, ५२५ आणि ६२० नॅनोमीटर अशा तीन ठिकाणी मोजावं. कोळशाचा भार कोणत्या पीएचला शून्य होतो तेही काढावं. मिठाच्या पाण्याच्या पाच बाटल्या तीन, पाच, सात, नऊ आणि अकरा पीएचला लावून प्रत्येकीत थोडा कोळसा टाकायचा. दुसऱ्या दिवशी जिचं पीएच हललं नाही, त्याच्या आसपास तो बिंदू असतो. लँगम्यूर आणि फ्रॉइंडलिखचे आलेख काढायला हरकत नाही, पण मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याला आधी रंगाऱ्याच्या दारात पाठवावं.

मांडणी

आता पुन्हा ते ७५ ग्रॅम. प्रयोगशाळेतल्या ४५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने पावणेदोन किलो कोळसा पुरतो. खऱ्या पाण्यात १० मिलिग्रॅम धरला तर साडेसात किलो. दहा किलो कापडामागे साडेसात किलो कोळसा कुणाला परवडेल? म्हणून कोळसा पहिल्या पायरीवर वापरायचाच नाही.

आधी पाणी वेगळं करा. रंगाचा घोळ एका टाकीत, पहिली धुलाई दुसरीत, नंतरच्या धुलाया तिसरीत. बहुतेक ठिकाणी ही तिन्ही एकाच नालीत जातात आणि तिथेच काम बिघडतं. घोळ थोडा असतो, पण रंग आणि मीठ त्यातच साठलेलं असतं. नंतरच्या धुलाया भरपूर आणि फिक्या. कोळसा या फिक्या पाण्यासाठी. घोळावर आणि पहिल्या धुलाईवर हिराकस आणि चुना वापरून बघा. किती लागेल ते वरच्याच पाच बाटल्यांनी ठरतं. गाळ खाली बसतो, वरचं निवळलेलं पाणी पुढे घ्यायचं. विरघळलेल्या रिॲक्टिव्ह रंगावर नुसत्या तुरटीचा फार जोर चालत नाही.

फिक्या धुवणासाठी २०० लिटरची दोन पिंपं एकापुढे एक लावा. तळाशी गोटे, त्यावर गिट्टी, त्यावर जाड वाळू आणि मग ४० किलो दाणेदार कोळसा. त्याची जागा होते सुमारे ९० लिटर. पाणी कोळशात अर्धा तास तरी राहिलं पाहिजे, म्हणजे मिनिटाला तीन लिटरपेक्षा जास्त सोडायचं नाही. पिंपाच्या आधी वाळूचा गाळणा आणि कापडाची जाळी हवीच, नाहीतर लिंट आणि सुताचे तंतू महिन्याभरात कोळसा बुजवून टाकतात. धुवणात लिटरमागे २० मिलिग्रॅम रंग असेल आणि कोळसा ग्रॅमला १० मिलिग्रॅम धरत असेल, तर एक पिंप २०,००० लिटर पाणी सोसेल. नियोजन याच्या निम्म्यावर करा. पहिल्या पिंपाच्या तोटीतून रंगाची छटा दिसू लागली की त्यातला कोळसा काढायचा, दुसरं पिंप पुढे आणायचं, नवा कोळसा मागच्यात भरायचा. एकच पिंप असेल तर छटा दिसेपर्यंत ती नाल्यात पोचलेली असते.

टाकी मोठी असेल आणि आत ओला कोळसा असेल, तर माणसाने आत उतरू नये. ओला सक्रिय कोळसा बंद जागेतला ऑक्सिजन शोषतो.

नितळ झालेलं धुवण पुढच्या लॉटच्या पहिल्या धुलाईला वापरा. उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या मोजणाऱ्या गावांत हा फायदा रंग काढण्याच्या फायद्याहून लवकर पटतो.

१२ किलोचं काय

वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यासाठी केंद्राने १० ऑक्टोबर २०१६ ला काढलेल्या मानकांत रंग १५० एकक, पीएच साडेसहा ते साडेआठ, बीओडी ३०, सीओडी २५०, आणि जमिनीवरच्या विसर्गासाठी विरघळलेले क्षार लिटरमागे २१०० मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. आपल्या घोळात मीठच लिटरमागे ६०,००० मिलिग्रॅम. पाणी ओतून मर्यादेत आणायचं म्हटलं तर १२ किलोंना ५,७०० लिटर गोडं पाणी लागेल, आणि असं पातळ करणं उपचारात धरलं जात नाही.

नितळ दिसतंय म्हणून हे पाणी शेतात सोडण्याचा मोह होतो. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला सोडियमने काळ्या जमिनीचं काय होतं हे सांगावं लागत नाही. माती चिकटून बसते, पाणी मुरत नाही, वाळली की दगड. पेढी, काटेपूर्णा, मोर्णा सगळ्या शेवटी पूर्णेलाच मिळतात, म्हणून नाल्यात सोडलेलं मीठही त्याच खोऱ्यात राहतं.

मार्ग तीन आहेत. घोळ पुन्हा वापरणं हा पहिला: हिराकस-चुना आणि कोळशाने रंग काढलेल्या घोळात मीठ तसंच असतं, पुढच्या गडद लॉटला ते चालतं का हे छोट्या चिंधीवर बघावं. शेड थोडी बदलते, पण काळ्या-गडद निळ्याला खपून जाते. दुसरा मार्ग पाणी आणि मीठ मुळातच कमी करण्याचा: वीसपट ऐवजी दहापट पाण्यात काम झालं, तर लिटरमागे तेवढंच मीठ घालूनही ते निम्म्यावर येतं. कमी मिठाचे रंगही मिळतात. तिसरा मार्ग म्हणजे वऱ्हाडचं ऊन. उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी रोज सेंटिमीटरभर सहज खाली जाते. जाड प्लॅस्टिकचं अस्तर घातलेल्या दोन मीटर बाय तीन मीटरच्या उथळ हौदात २०० लिटर घोळ तीन-साडेतीन सेंटिमीटर उभा राहतो. मे महिन्यात आठवडाभर धरा. उरलेलं मीठ खरवडून पोत्यात. पावसाळ्यात हौद झाकावा लागतो आणि घोळ टाकीत साठवावा लागतो, म्हणून गडद शेडची कामं पावसाळ्याआधी उरकलेली बरी.

ते मीठ, हिराकशीचा गाळ आणि थकलेला कोळसा, हे तिन्ही उकिरड्यावर जात नाहीत. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत सांडपाण्याच्या गाळाचा आणि वापरलेल्या कार्बनचा उल्लेख आहे. थकलेला कोळसा चुलीत जाळू नये. काही रंगांत क्लोरीन असतं, काहींत तांबं किंवा क्रोमियम. ‘बायोचार’ म्हणून शेतात तर मुळीच टाकू नये. झाकणाच्या पिंपात कोरडा ठेवावा, तारीख आणि वजन वहीत लिहावं आणि मंडळाच्या संमतीने बुटीबोरीच्या सामाईक केंद्राकडे पाठवावा. एकट्या बचतगटाला वाहतूक परवडत नाही. चार-पाच जणांनी मिळून वर्षाकाठी एक फेरी केली तर परवडते. कोळसा पुन्हा सक्रिय करायला सात-आठशे अंशांची भट्टी लागते, म्हणून घरी तापवून पुन्हा वापरण्याच्या सल्ल्याकडे दुर्लक्ष करा.

नैसर्गिक रंग वापरणाऱ्यांनीही मागे राहू नये. एकेकाळी वऱ्हाडात आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांपासून लाल रंग काढत आणि तुरटीने तो पक्का करत. आजही मंजिष्ठा, हिरडा, डाळिंबाची साल वापरताना तुरटी आणि हिराकस पाण्यात जातेच. या पाण्याला मीठ कमी असतं ही जमेची बाजू, पण तपकिरी टॅनिन आणि लोह असतं. त्यालाही चुना, गाळणी आणि कोळसा लागतो, फक्त कमी.

विद्यार्थ्यांनो, पऱ्हाटीवर काम करायचं ठरवलंत तर साहित्य जानेवारीतच उचला. मार्चपर्यंत ती चुलीत गेलेली असते आणि उरलीसुरली जूनच्या पहिल्या पावसात भिजून काळी पडते. मुळं आणि नख्या तोडून टाका, माती धुवून काढा (मातीतली सिलिका राखेचं प्रमाण फुगवते) आणि नुसते दांडे वाळवून बंद पोत्यात भरा. पोत्यावर गाव, वाण आणि तारीख लिहा. पुढच्या वर्षी दुसऱ्याला तोच प्रयोग करून बघायचा असेल, तर त्याला याच तीन गोष्टी आधी विचाराव्या लागतील.